राणीसाहेबांचे खलिते आणि आपले प्रदर्शन

झाशी शहराच्या जुन्या परकोटाला खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, बडागाव, सागर, सैंयर, भांडेर अशा नावांचे जे दरवाजे होते, त्यांतील दतिया दरवाजाच्या, म्हणजे आजच्या बोलण्यातील दतिया गेटच्या वस्तीत राहणाऱ्या वाचकाला राणी लक्ष्मीबाईंची ओळख करून देण्याचे काही कारण नाही. कारण शाळा, महाविद्यालय, चौक, उद्यान यांपैकी कशावर ना कशावर तरी त्यांचे नाव रोज त्याच्या दृष्टीस पडते. १९ नोव्हेंबरला जयंती, जूनमध्ये पुण्यतिथी, ८ मार्चला महिला दिन, अशा प्रत्येक प्रसंगी पुतळ्याला हार घातला जातो, भाषणे होतात, लहान मुली फेटा बांधून लाकडी तलवार हाती घेतात, आणि या साऱ्यामागील भक्ती खरी असते याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. परंतु ज्या स्त्रीचा आपण गौरव करतो तिने स्वतः लिहिलेली किंवा सांगून लिहविलेली एक ओळ तरी आपण वाचली आहे काय, हा प्रश्न त्या समारंभात सहसा कोणी विचारीत नाही. तो ज्या वाचकांच्या मनात उठला असेल, आणि ज्यांना यंदाच्या प्रसंगी हारापलीकडे काही करावेसे, म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्त्री-कर्तृत्वाचे एक ग्रंथप्रदर्शन भरवावेसे वाटत असेल, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

झाशीत १९७५ साली स्थापन झालेले बुंदेलखंड विद्यापीठ आहे. ग्वाल्हेरला जिवाजी विद्यापीठ आहे. इंदूरच्या विद्यापीठाला तर देवी अहिल्याबाईंचेच नाव आहे. आणि महाराष्ट्रातील वाचकाला पुण्याचे जयकर ग्रंथालय किंवा महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाचे मुंबईतील ग्रंथालय जवळचे आहे. विद्यापीठाचे ग्रंथालय हे केवळ परीक्षार्थींचे स्थान आहे अशी जी समजूत मोहल्ल्यांतून रूढ आहे, ती प्रथम मनातून काढून टाकावी. विद्यापीठाबाहेरच्या माणसाला तेथे बहुधा अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. तो अर्ज शक्यतो लेखी करावा, त्यात आपला उद्देश दोन-तीन वाक्यांत स्पष्ट लिहावा, आणि समारंभाच्या आदल्या आठवड्यात नव्हे तर निदान दोन महिने आधी तो ग्रंथपालांच्या हाती द्यावा. प्रदर्शनाचा आरंभ या अर्जापासूनच होतो असे समजावे, कारण उशिरा गेलेल्या माणसाच्या पदरी वरच्या फळीवरची पाच पुस्तके पडतात आणि त्यांचाच तो समारंभ करून बसतो.

कामाला लागण्यापूर्वी एक नियम मनाशी पक्का करावा, आणि आमच्या मते तो एकच पुरेसा आहे. स्त्रीच्या कर्तृत्वाचा गौरव करावयाचा तर प्रथम तिचे स्वतःचे शब्द शोधावेत. ते न मिळाल्यास तिला प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाची हकीकत शोधावी. तीही न मिळाल्यास लोकस्मृतीकडे वळावे. आणि या तिहींपैकी नेमके काय आपल्या हाती आले आहे, ते प्रदर्शनातील प्रत्येक चिठ्ठीवर प्रामाणिकपणे लिहावे.

राणीसाहेबांच्याच बाबतीत हा नियम लावून पाहू. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी दामोदररावांना दत्तक घेतले होते. ते दत्तकविधान नामंजूर करून डलहौसीने पुढील वर्षी संस्थान खालसा केले, एवढे शाळेच्या पुस्तकात असते. त्या अवधीत राणीसाहेबांनी गव्हर्नर जनरलकडे पाठविलेल्या खलित्यांत १८१७ च्या तहाचा आधार कसा मांडला आहे, शेजारच्या संस्थानांत, आणि त्यांत दतियाही आले, दत्तकांना मान्यता मिळाल्याचे दाखले एकामागून एक कसे दिले आहेत, हे मात्र फारच थोड्यांनी पाहिलेले असते. दतिया गेटच्या वाचकाने हा भाग मुद्दाम काढून वाचावा. ज्या गावाच्या नावाने आपला दरवाजा ओळखला जातो, त्याच गावाचा दाखला त्या विधवा राणीने कंपनी सरकारपुढे आपल्या हक्काचा पुरावा म्हणून ठेवला होता. तलवार हाती घेण्यापूर्वी तीन-चार वर्षे ही स्त्री कायद्याच्या भाषेत लढत होती, आणि ती लढाई तिच्या कर्तृत्वाचा निम्मा भाग आहे असे आम्ही तर म्हणू. जून १८५७ मध्ये झाशीतील फौज उठल्यानंतर जबलपूरचे कमिशनर एर्स्किन यांना त्यांनी जी पत्रे पाठविली, तीही याच जातीची आहेत. शहराचा बंदोबस्त, खजिना आणि रयतेची सुरक्षितता यांची चिंता करणारी प्रशासक त्यांत दिसते. या कागदांचे मूळ दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र खात्याच्या दफ्तरांत आहे, आणि त्या अभिलेखागाराने आपली पुष्कळशी दफ्तरे ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर आणली असल्यामुळे विद्यापीठाच्या ग्रंथालयातील संगणकावर बसूनही त्यांचा शोध घेता येतो.

दुसऱ्या पायरीवर प्रत्यक्षदर्शी येतात. १८५४ साली राणीसाहेबांनी सल्ल्यासाठी बोलावलेला वकील जॉन लँग याने पडद्याआडून झालेल्या भेटीचे वर्णन १८५९ च्या आपल्या पुस्तकात केले आहे. पण मराठी वाचकाला त्याहून जवळचा साक्षीदार म्हणजे पेणजवळच्या वरसईचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे या हेतूने उत्तरेत गेलेला हा गृहस्थ ऐन वेढ्याच्या वेळी झाशीत अडकला, आणि त्याचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. पुढे दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून त्याची आवृत्ती काढली. शक्य तर दोन्ही आवृत्त्या मागवाव्यात, कारण संपादकाने काय गाळले आणि काय बदलले हे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे नवख्या वाचकालाही कळते. गोडसे भटजींच्या हकीकतीत राणीसाहेबांची दिनचर्या आहे, घोड्याची पारख आहे, महालक्ष्मीच्या दर्शनाला जाण्याचा थाट आहे. आणि एप्रिल १८५८ मध्ये शहर पडल्यानंतर झाशीच्या नामांकित ग्रंथसंग्रहाची जी धूळधाण झाली, तिचेही वर्णन आहे. पिढ्यानुपिढ्या जमविलेल्या पोथ्या ज्या नगरात लुटीत नष्ट झाल्या, त्या नगरातील माणसाने ग्रंथालयाशी संबंध तोडून राहणे आम्हांला फार खेदकारक वाटते. हिंदी वाचकांसाठी अमृतलाल नागरांनी या ग्रंथाचा अनुवाद केलेला आहे; प्रदर्शनात तो मराठी प्रतीच्या शेजारी ठेवावा, म्हणजे मराठी घराण्यांचा हा ठेवा साऱ्या झाशीचा होईल.

चरित्रांमध्ये द. ब. पारसनीसांचे १८९४ चे चरित्र अग्रस्थानी ठेवावे. दत्तात्रय तहमनकरांनी लंडनमध्ये राहून इंग्रजीत लिहिलेले १९५८ चे चरित्र आणि प्रतिभा रानड्यांचे मराठी चरित्र यांची त्याला जोड द्यावी. येथे एक व्यावहारिक सूचना करणे आवश्यक आहे. राणीसाहेबांचे जन्मवर्ष कोणी १८२८ देतात तर पारसनीस १८३५ देतात. मृत्यूची तारीख कोणी १७ जून १८५८ मानतात तर कोणी १८ जून. चिठ्ठीवर यांपैकी एकच तारीख ठामपणे छापून मोकळे होण्याचा मोह टाळावा. दोन्ही लिहाव्यात, आणि कोणत्या ग्रंथात कोणती आहे तेही लिहावे. त्या चिठ्ठीपाशी थबकलेली एखादी विद्यार्थिनी ते दोन्ही ग्रंथ उघडून पाहील, आणि आपल्याला हवे आहे ते हेच.

आता ग्रंथ शोधण्याच्या रीतीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ उत्साही माणसे येथेच हात टेकतात. आपल्याकडील बहुतेक विद्यापीठीय ग्रंथालयांत ड्यूईच्या दशांश पद्धतीने ग्रंथ लावलेले असतात, आणि त्या पद्धतीत स्त्रियांविषयीच्या सामाजिक अभ्यासाचा वर्ग ३०५.४ हा आहे. परंतु केवळ त्या फळीसमोर उभे राहून परत येणाऱ्याला लक्ष्मीबाई कदाचित मुळीच भेटणार नाहीत. १८५७ चा इतिहास ९५४.०३१७ येथे असेल, वृंदावनलाल वर्मांची राणीवरील १९४६ ची कादंबरी हिंदी साहित्याच्या ८९१.४३ मध्ये, महाश्वेता देवींचा राणीवरीलच १९५६ चा ग्रंथ बंगालीच्या ८९१.४४ मध्ये आणि मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये. एकच स्त्री पाच कपाटांत विभागली गेलेली असते, आणि जी गोष्ट राणीची तीच वैद्यक, गणित, संगीत, शेती यांत काम केलेल्या प्रत्येक स्त्रीची. म्हणून ग्रंथसूचीत शीर्षकापेक्षा विषय आणि व्यक्तिनाम यांवरून शोध घ्यावा, आणि जे सापडेल त्याचा वर्गांक वहीत टिपून मग कपाटाकडे जावे. त्या ग्रंथाच्या उजव्या-डाव्या बाजूचे चार ग्रंथही चाळावेत.

याहून मोठी अडचण नावांची आहे, आणि ती आपल्या समाजाच्या रिवाजातून आलेली आहे. लग्नानंतर मुलीचे आडनाव तर बदलतेच, पण पूर्वी पहिले नावही बदलत असे; मोरोपंत तांब्यांची मणिकर्णिका लक्ष्मीबाई नेवाळकर झाली, यमुना जोशी आनंदीबाई झाली आणि त्याच नावाने १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाली. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर या तीन बाया नव्हेत, एकच आहेत. पंडिता रमाबाईंचे ग्रंथ कोठे रमाबाई सरस्वती, कोठे डोंगरे, कोठे मेधावी अशा नावांखाली नोंदलेले आढळतात. तेव्हा प्रत्येक स्त्रीसाठी वहीचे एक पान राखून ठेवावे, त्यावर माहेरचे नाव, सासरचे नाव, टोपणनाव आणि इंग्रजी लिपीतील निरनिराळी वर्णलेखने लिहावीत, आणि सूचीत त्या प्रत्येकाने शोध घ्यावा. काम कंटाळवाणे आहे खरे. परंतु या एका पानामुळे जेवढे ग्रंथ हाती लागतात, तेवढे दुसऱ्या कशानेही लागत नाहीत. ज्या नोंदी विखुरलेल्या आढळतील त्या ग्रंथपालांच्या नजरेस आणून द्याव्यात. सूचीत परस्परसंदर्भ घालणे हे त्यांच्या अधिकारातील काम आहे, आणि सहसा ते आनंदाने करतात.

एखादा ग्रंथ फळीवर असणे आणि समाजाच्या स्मरणात असणे यांत केवढे अंतर पडू शकते, याचे उदाहरण म्हणून ताराबाई शिंद्यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध प्रदर्शनात अवश्य मांडावा. बुलढाण्याच्या या बाईंनी तो १८८२ साली छापला. त्यानंतर तो जवळजवळ विस्मृतीत गेला, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणला तेव्हा नव्वदांहून अधिक वर्षे लोटली होती. त्याच्याही आधी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला होता. राणीसाहेब झाशीच्या महालात होत्या त्याच काळात पुण्यात ही मुलगी लिहीत होती. राणीसाहेबांचा खलिता आणि या मुलीचा निबंध, हे दोन कागद एका काचेखाली ठेवण्याचे धैर्य आपण दाखवावे.

यावरूनच सर्वसमावेशकतेच्या प्रश्नाकडे येतो. झाशीत झलकारीबाईंचे नाव न घेता स्त्री-कर्तृत्वाचे प्रदर्शन भरविणे हा अन्याय ठरेल. भोजला गावच्या, कोरी समाजात जन्मलेल्या या स्त्रीने राणीसाहेबांचा वेष घेऊन शत्रूला गुंतवून ठेवले, अशी बुंदेलखंडाची दृढ आठवण आहे, आणि २००१ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीटही काढले. त्यांचा खलिता नाही, पत्र नाही, दरबारी नोंद नाही. वर्मांच्या कादंबरीने आणि दलित वस्त्यांतील गीत-कथांनी ती आठवण वाढविली आणि सांभाळली. हे चिठ्ठीवर स्वच्छ लिहावे. असे लिहिल्याने झलकारीबाईंचा मान कमी होतो असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. ज्यांच्या घरी दौत-लेखणी पोहोचू दिली गेली नाही, त्यांचा इतिहास कागदावर नसणे हाच त्या इतिहासाचा पुरावा आहे, आणि तो वाचकासमोर मांडला गेला पाहिजे. किल्ल्यात गुलाम गौस खान आणि खुदाबक्ष या राणीसाहेबांच्या तोफचींजवळ मोतीबाईंची समाधी आहे. तिचे छायाचित्र लावावे. राणीसाहेबांबरोबर ग्वाल्हेरच्या रणात पडलेल्या मुंदरचे नाव लिहावे, आणि या दोघींविषयीचे लेखी साधन किती तुटपुंजे आहे तेही लिहावे.

जेथे कागद संपतो तेथे माणसांकडे जावे लागते, आणि याची दोन उत्तम उदाहरणे आपल्यासमोर आहेत. महाश्वेता देवी ग्रंथ लिहिण्यापूर्वी झाशी-बुंदेलखंडात येऊन हिंडल्या आणि लोकांच्या तोंडच्या गाथा त्यांनी गोळा केल्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. विद्यापीठातील विद्यार्थिनींनी हीच रीत उचलावी. दतिया गेटच्या आसपास ज्या वृद्ध स्त्रिया आहेत, मग त्या मराठी असोत, बुंदेली बोलणाऱ्या असोत, कोरी असोत वा मुसलमान, त्यांच्याकडे जाऊन शिक्षण, नोकरी, दुकानदारी, सुईणपण, शिवणकाम यांविषयी विचारावे. बोलणे ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी, आणि नाव प्रसिद्ध करावे की नाही हे त्यांच्यावर सोडावे. घरात जुने कागद निघाले, विशेषतः मोडी लिपीतील, तर ते मागून नेऊ नयेत. घरातच त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि मालकांना सांगावे की त्यांवर चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकच्या पापुद्र्यात बंद करू नये, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ओलीपासून दूर ठेवावेत. ‘यात बायकांचे काही नाही’ असे घरचे म्हणाले तरी पाहावे. वाटणीपत्र, देणगीचा कागद, औषधांची वही, माहेरी लिहिलेले पत्र यांत त्यांची नावे असतात.

मराठी वाचकांसाठी एक कपाट ग्वाल्हेरला अर्पण करावे असे आम्ही सुचवितो. १९६१ साली तेथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी कुसुमावती देशपांडे होत्या, आणि त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. संमेलनाच्या एवढ्या दीर्घ परंपरेत त्यांच्यामागून दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ साली दिल्लीत तारा भवाळकर एवढ्याच स्त्रिया तेथवर पोहोचल्या. या सहाजणींचे ग्रंथ एकत्र ठेवले की बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या मुलींना कळेल की पहिले दार त्यांच्याच शेजारच्या गावी उघडले होते. बाहेरच्या जगासाठी, १९४३ साली सिंगापुरात उभ्या राहिलेल्या आझाद हिंद फौजेच्या ‘झाशीची राणी’ पलटणीवरील ग्रंथ घ्यावेत. कॅप्टन लक्ष्मींच्या हाताखालील त्या मुलींपैकी पुष्कळशा मलायातील रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या होत्या, झाशी त्यांनी कधी पाहिलीही नव्हती.

प्रदर्शनाची मांडणी हा वरवरचा भाग आहे असे समजू नये. चिठ्ठ्या हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांत, मोठ्या ठळक अक्षरांत असाव्यात, आणि चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला वाचता येतील इतक्याच उंचीवर लावाव्यात. ज्यांना दृष्टी नाही त्यांच्यासाठी २०१६ साली सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय आहे. त्यातून काय मिळते ते आधी पाहून ठेवावे, आणि न मिळणारे उतारे विद्यार्थ्यांनी वाचून ध्वनिमुद्रित करावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेत घरकाम करणाऱ्या, कारखान्यात वा दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या स्त्रिया कशा येणार? एक रविवार आणि दोन संध्याकाळी मागून घ्याव्यात, लहान मुलांना बसण्याची सोय करावी, आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी रोज तासभर मोठ्याने वाचन ठेवावे. गोडसे भटजींचे गद्य तर मोठ्याने वाचण्यासाठीच आहे, असे आमचे मत आहे. विद्यापीठाचे आवार शहरापासून दूर पडत असेल तर ग्रंथपालांच्या संमतीने चिठ्ठ्या आणि छायाप्रती दतिया गेटजवळच्या एखाद्या शाळेत चार दिवस मांडाव्यात. मूळ ग्रंथ मात्र ग्रंथालयाबाहेर नेण्याचा आग्रह धरू नये.

समारंभ संपला की चिठ्ठ्या रद्दीत जातात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून प्रदर्शनातील सर्व ग्रंथांची वर्गांकासह यादी, नावांच्या पानांची वही आणि ध्वनिमुद्रणांची नोंद, संमतिपत्रांसह, एकत्र बांधून ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात रीतसर जमा करावी आणि तिची पोच घ्यावी. त्या बांधणीला ग्रंथसूचीत स्वतंत्र नोंद मिळेल असे पाहावे, आणि शेवटी काही कोरी पाने सोडावीत, कारण पुढच्या वर्षी हे काम हाती घेणाऱ्या मुलींना काही नावे आणखी सापडलेली असतील.